दोन लिंबं

परीक्षितच्या हौसेपुढे अक्षयाने केव्हाच हात टेकले होते. नॉटिंगहॅमला घराच्या दारात करायची सोडून नव्या गाडीची पूजा त्याला इथे, शेतांमधल्या रस्त्यावर करायची होती. का, तर एके काळी या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या आणि त्यांच्या आठवणीसाठी कडेला एक दगड उभा होता!

तिने गाडीला हळदकुंकू लावलं, पुढच्या दोन चाकांपुढे दोन लिंबं ठेवली. आणि या शहाण्याने गाडी रिव्हर्सला टाकली, वळवली आणि हाकलली. "एक लॅप मारून आलोच!"

"अरे, लिंबं! आणि नारळ फोडायचाय अजून!" ती ओरडली. पण ऐकतोय कोण?

लिंबं तशीच शाबूत. याला एक काम धड जमेल तर शपथ, असं पुटपुटत ती वाकली, तोच इंजिनाचा आवाज आला. ती झटकन बाजूला झाली. आवाज समोरून सुसाट गेला, तिची ओढणी फडफडली.

"बघून चालवा की जरा!" ती खेकसली. रस्ता रिकामा होता.

दोन्ही लिंबं चिरडलेली होती.

तिने फोन लावला. "कुठे आहेस तू?"

"ट्रॅक्टरमागे अडकलोय गं, दोन मैलांवर. का?"

ती काही बोलणार, तेवढ्यात तोच आवाज परत आला. या वेळी तो पुढे गेला नाही. तिच्यासमोर येऊन थांबला आणि रिकाम्या रस्त्यावर नुसता घुरघुरत राहिला.

नारळ अजून तिच्याच हातात होता.