फोटोतला मुडदा

पंचफुलानं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाऊल उलटं नव्हतं. मग तिनं चेहरा पाहिला आणि तिच्या हातातून घागर सुटली.

वांग्याच्या वाफ्यापलीकडे तिचा नवरा जगदेव उभा होता. अंगात फौजेचा खाकी सदरा, गालफडं बसलेली. तिचं मोकळं कपाळ पाहून तोच दचकला.

"कुकू काहून नाही वं लावलं?"

"तुमी गेले ना," ती म्हणाली. "फोटोत पाह्यलं आमी."

तो फोटो मंगरूळपीरला चांदमल शेठच्या दुकानात होता. लढाईच्या बातम्यांचा सरकारी कागद आला की शेठ तो भिंतीला डकवायचे. इंझोरी गावचे माळी भाजी विकून परतताना तिथं थांबत. एका बाजारी जगदेवचा बाप शालिकराम त्या कागदापुढे उभा राहिला, तो हलेचना. धुरातून शिपाई धावत होते. सगळ्यांत पुढे गावचाच खेमा, संगीन रोखून. त्याच्या पायाशी जगदेव पडलेला, डोळे मिटलेले, कपाळावरून काळा ओघळ. शेठनं खालची ओळ वाचून दाखवली: ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आपल्या शूर जवानांची झडप.

कचेरीत विचारलं, तर जगदेव मेल्याची खबर तिथं नव्हती. "चित्र सरकारचंच हाय नं? मंग आनखी खबर कायले पायजे?" म्हणत शालिकराम माघारी फिरला. त्यानं दहावं-तेरावं उरकलं.

बांगड्या फोडताना पंचफुलाचा हात खेमाच्या आईनं, हौसाबाईनं धरला होता. आपला मुलगा उभा आणि हिचा नवरा आडवा, याची तिलाच लाज वाटे. सांजेला ती पंचफुलाजवळ येऊन बसे, फार बोलत नसे. बाजाराच्या दिवशी मात्र शेठच्या दुकानात जाऊन खेमाला डोळे भरून पाहून येई.

आता अंगणात गाव जमलं. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं. तेराव्याला जेवून गेलेली माणसं ओशाळून मागेच उभी होती. शालिकराम पोराचा दंड पुन्हा पुन्हा चाचपत होता.

"पडला व्हता नं तू? रगत दिसत व्हतं."

"चहाचं पानी व्हतं थे, बा," जगदेव म्हणाला. "लढाईपासून लय दूर, तळावर काढला तो फोटो. फोटोवाल्या सायबानं गवत पेटवून धूर केला. खेमा उंचापुरा, म्हून त्याले पुढं धावाले लावलं. मी हाडकुळा, वाळेल. मले म्हने, तू मुडदा. खेमाले हसू ये, अन् मले पुन्हा निजा लागे."

"म्हंजे सारं खोटं?"

"हाव."

शालिकरामला काही उमजेना. ज्या चित्रानं पोरगा मारला तेच खोटं निघालं होतं. आनंद करावा की त्या सायबाला शिव्या द्याव्या, ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं, "मंग खरी लढाई झाली का नाही?"

"थे मंग झाली," जगदेव खाली पाहत म्हणाला. "तवा फोटो काढाले कोनी नव्हतं."

इतक्यात गर्दीतून वाट काढत हौसाबाई आली. येताना तिनं घरून कुंकवाचा करंडा आणला होता. तिनं पंचफुलाची हनुवटी धरून वर केली आणि कपाळावर ठसठशीत बोट टेकवलं.

"फोटो खोटा निंगाला, लय बेस झालं," ती म्हणाली. मग जगदेवच्या तोंडावरून हात फिरवत तिनं विचारलं, "आता माह्या खेमाचं सांग. त्याले काहून नाही आनलं रे संगं?"

जगदेवनं तिचा हात आपल्या हातात धरला. मग बापाकडे वळून त्यानं हळू आवाजात विचारलं, "मावशीच्या घरी तार नाही आली?"