काटा साठवर

गाडीचा काटा साठवर, आणि दुधाचा टेम्पो कॅन खडखडवत मला मागे टाकून गेला! पाठोपाठ एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून "काका, बाजूला व्हा" म्हणाला. माझं टाळकंच सटकलं. एरवी "हळू चालवा"चा जप करणारी बायको हल्ली गाडीत गप्प असते, तेवढंच काय ते सुख.

रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून वेग तपासायचा ठरवला. साठच्या वेगाने दोन दगडांमधलं अंतर एका मिनिटात कापलं जायला हवं. शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात घड्याळ दिलं.

"बरोब्बर एक मिनिट," ती म्हणाली. "काटा ठीक आहे."

हिला घड्याळ कधी कळलंय! परतताना मीच पाहिलं, तर चांगलं दीड मिनिट लागलं.

तसाच गॅरेजवर जाऊन मिस्त्रीला फैलावर घेतलं. "सर्व्हिसिंग करून दिलंस, तेव्हापासून रस्ताभर गोगलगायीसारखा चालतोय मी! काय करून ठेवलंस?"

मिस्त्री मान खाली घालून हात पुसत राहिला. "काका, काटा पुढे सरकवून बसवायला काकूंनीच सांगितलं होतं."

मी गर्रकन वळलो. बायको शांतपणे पदराने चष्मा पुसत होती.

"घ्या की नीट करून," ती म्हणाली. "मग मीही पुन्हा सुरू करते."

मिस्त्रीने पेचकस उचलला.

"ठेव तो खाली!" मी त्याच्यावर खेकसलो.