चारची डाक

‘बाबांनी १ फाइल हटवली.’

फोनच्या वरच्या कडेला ओळ सरकून आली आणि गेली. बाळ खांद्यावर होतं, ढेकर काही निघत नव्हता. एका हाताने पाठ थोपटत तिने दुसऱ्या हाताने फोल्डर उघडलं. रिकामं. सकाळी टाकलेला आंघोळीनंतरचा फोटो, टॉवेलातून नुसतं नाक बाहेर आलेला, गेला होता. हा तेविसावा.

चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

फोल्डर तिनेच केलं होतं, बाळ आठ दिवसांचं असताना. बाबांना ऐकू कमी येई. त्यामुळे फोन म्हणजे, “बरी आहेस? बाळ बरं? ठेवतो,” एवढाच. व्हिडिओ कॉल लावला तर त्यांचं नुसतं कपाळ दिसे. सदतीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाला क्लाउड-बिउड काय सांगणार? तिने फोनवर ओरडून सांगितलं, “बाबा, ही आपल्या दोघांची टपालपेटी समजा. मी फोटो टाकत जाईन, तुम्ही बघत जा.”

“हळू सांग, लिहून घेतोय,” ते म्हणाले होते. कधी त्यांनाही काही टाकता यावं म्हणून तिने फोल्डरचे सगळे अधिकार त्यांना देऊन ठेवले.

पहिला फोटो तिने फार विचार करून निवडला. बाळाच्या हनुवटीवर आईची खळी उतरली होती, ती नीट दिसेल असा. तो त्याच दिवशी दुपारी चारला गेला. दुसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

आई गेली तेव्हा तिला आठवा सरत आला होता. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. तिने रडत रडत फोनवर सांगितलं, येता येणार नाही. बाबा म्हणाले, “बरं.” त्या एका शब्दात काय होतं, ते ती तेव्हापासून शोधत होती. आता रोज चार वाजता उत्तर मिळत होतं.

“चुकून बोट लागत असेल गं,” दुसऱ्या दिवशी नवरा बूट चढवता चढवता म्हणाला.

“तेवीस वेळा? तेही घड्याळ लावून?”

“मग विचार ना सरळ.”

“काय विचारू? आणि कसं? ओरडून?”

त्याला उशीर होत होता. दार लागलं, जिन्यावरून पावलं खाली गेली. मग चौथ्या मजल्यावर ती, बाळ आणि फ्रिजची घरघर.

तिने फोटो टाकणं बंद केलं. काढायची, पण ते फोनमध्येच राहायचे. बाळ पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून हसलं, तो फोटोसुद्धा. बाळ निजलं की ती खिडकीशी उभी राही. समोरच्या इमारतीतली बाई दोरीवरचे कपडे काढायची, घड्या घालायची, आत जायची. एकदाही तिने मान वर केली नाही. चार वाजायचे. फोन गप्प असायचा.

दहाव्या दिवशी दुपारी तिने ठरवलं, फोल्डरच बंद करायचं. ‘शेअरिंग थांबवायचं?’ फोनने विचारलं. बोट ‘होय’वर आलं आणि तिथेच राहिलं. शेवटी तिने बाबांना फोन लावला.

“बाबा, तुम्हाला बाळाला बघायचं नसेल तर तसं सांगा ना.”

“काय? मोठ्याने बोल.”

इतकं हळू म्हणायचं वाक्य तिला ओरडून म्हणावं लागलं. “बघायचं नाहीये का तुम्हाला बाळाला? सगळे फोटो काढून का टाकता?”

शेजारी बाळ दचकलं आणि रडायला लागलं.

“अगं, काढून टाकतो म्हणजे? आधी माझ्या फोनात उतरवून घेतो की. मग फोटोवाल्याकडून कागदावर करून आणतो. तेवीसच्या तेवीस आहेत इथे. तुझ्या आईच्या कपाटाच्या दारावर लावलेत, तारखेने. आणि पेटी रिकामी करतो. सकाळी दहा, दुपारी चार.”

“पण रिकामी कशाला करायची?”

“पेटीत पत्र तसंच पडून राहिलं तर टाकणाऱ्याला काय वाटेल? कोणी उचललंच नाही.” ते खाकरले. “नऊ दिवस झाले, दोन्ही वेळा उघडून बघतोय. काही नाही. म्हटलं, तुझंही बरोबरच आहे. तुझी आई गेली तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही गं.”

बाळाला उचलून तिने छातीशी धरलं.

“रडतंय का ते?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“ऐकू येतंय मला,” ते म्हणाले. मग नेहमीसारखं, “ठेवतो.”

साडेतीन झाले होते. तिने हसण्याचा तो फोटो शोधला आणि फोल्डरमध्ये टाकला. बाळाला मांडीवर घेतलं, फोन समोर उभा करून ठेवला. पदराने आधी बाळाचं नाक पुसलं, मग आपलं. चार वाजले. चार वाजून एक मिनिट झालं. चार वाजून दोन.

‘बाबांनी १ फाइल हटवली.’