देवमाणसाच्या तक्रारी

“मनोहररावांसारखा माणूस पुन्हा होणे नाही,” प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सबइन्स्पेक्टर रितिकाने पेनाला टोपण लावलं. लिहिण्यासारखं आजही काही नव्हतं. नंदनवन कॉलनीच्या समाजभवनात अख्खी वस्ती जमली होती. नऊ उन्हाळ्यांपूर्वी गच्चीवर झोपलेल्या मनोहररावांचा खून झाला. खुनी सापडला नाही. फाइल बंद करण्याआधी पोलिसांनी लोकांना शेवटचं आवाहन केलं होतं : त्यांचं कोणाशी वाकडं होतं, तेवढं तरी सांगा. आणि लोक सांगत होते, कोणाशीच नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. त्यातून त्याची बायको रंभाबाई पहिल्या रांगेत बसलेली.

आणखी कोणी तरी उठून ‘देवमाणूस’ म्हणालं आणि रंभाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

“कोणता देवमाणूस? मले तं नाही भेटला कधी! स्वतः घोरत अन् सकाळी मले म्हणत, तू घोरते. देवाले कोणी मारते का गा? माणसालेच मारते. तो माणूस कसा होता ते सांगा, नाही तं ही पोरगी फाइल बांधून घरी जाईन!”

कोणाला तरी फिस्सकन हसू आलं.

प्रयागबाईंनी पदर खाली घेतला. “खरं सांगू का वं रंभा? पेपर आमच्या घरचा, पण शब्दकोडं तेच भरून ठेवत.”

“माझ्या स्कूटरच्या सीटवर संत्र्याच्या साली वाळू घालत,” नत्थूजी म्हणाले. “अन् वरून मलेच म्हणत, गाडी सावलीत काहून लावली?”

“आरतीत सगळ्यात मोठा आवाज त्यायचाच,” मागून रुपराव ओरडले, “अन् मधातलं कडवं दरवर्षी विसरत!”

रंभाबाई प्रत्येक तक्रारीला मान डोलवत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. नऊ वर्षं त्यांना हार घातलेला फोटोच तेवढा मिळाला होता. आज नवरा मिळाला होता, खोड्यांसकट.

रितिका हसू दाबत भराभर लिहीत होती. शेवटी बाबाराव तेवढे उरले. त्यांची गच्ची मनोहररावांच्या गच्चीला लागून.

“काका, तुमची काही तक्रार?”

“नाही बाप्पा. आमचं कधी काही झालंच नाही.”

रंभाबाईंना हसू आवरेना. “काहून लाजता गा भाऊजी! कूलरच्या पाण्यापायी रोज तं भांडत होते तुम्ही दोघं!”

सगळा हॉल खदखदा हसला. रितिका हसता हसता थांबली.

बाबाराव दाराकडे पाहत होते.