भ्रमिष्ट डबा

बाबा गेल्यापासून अंगणात उभा असलेला त्यांचा जुना ट्रक अधूनमधून आपला आपणच हॉर्न वाजवायचा. बाबा फाटकाशी आले की वाजवायचे, अगदी तसाच. तो ऐकला की आई हातातलं काम टाकून फाटकाकडे धावायची. चपला पायात सरकवायचंही तिला भान नसायचं, त्या हातातच राहायच्या. लेक तिला धरून घरात आणायची.

"काका, काहीही करा, पण हे थांबवा. आईला वेड लागेल हो!" लेक रडकुंडीला आली होती.

गॅरेजवाले काका डॅशबोर्डखालून बाहेर आले. "बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय. हॉर्न, दिवे, वायपर, सगळ्यांचा कारभारी हा एवढासा डबा, आणि तोच भ्रमिष्ट झालाय. जुन्या गाडीचा मिळणं कठीण. त्यापेक्षा बॅटरीची वायर काढून ठेव, पोरी. फुकटात काम."

"नको! ट्रक असा मेल्यासारखा पडलेला आईला सोसणार नाही."

शेवटी भंगारातल्या एका ट्रकमधून डबा मिळाला. काकांनी तो बसवला, लॅपटॉप जोडून ट्रकशी त्याची ओळख करून दिली. दोन दिवस झाले, हॉर्न एकदाही वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी आई दाराशी टेकली आणि तिने लेकीच्या पायांचे तळवे आपल्या मांडीवर घेतले.



"बरं झालं गं, बाई. हॉर्न वाजला की तू अनवाणीच धावत सुटायचीस, आणि तुझ्या चपला हातात घेऊन मी आपली तुझ्या मागे."