तीन रिंगा

“आई, जरा सरळ बघ ना.”

कौशल्याबाई सरळच बघत होत्या. चेहराच सरळ नव्हता. अर्धांगवायूच्या झटक्याने ओठांचा डावा कोपरा खाली ओढला होता, आणि लेकाच्या हातातला नवाकोरा मोबाइल पुन्हा पुन्हा सांगत होता, चेहरा ओळखता येत नाही. नसेल येत तर राहिलं, त्या मनात म्हणाल्या. मी तरी तुला कुठे ओळखते?

“दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, बारा जीबी रॅम आहे,” दिग्विजय म्हणाला. “मला हिंजवडीत बसून तू अगदी स्पष्ट दिसशील.” पोरगा मायेनेच बोलत होता, पण खोक्यावर छापल्यासारखा बोलत होता.

“नको.” झटक्यानंतर एवढा एकच शब्द कौशल्याबाईंच्या तोंडात शाबूत राहिला होता.

“तुला सगळंच नको असतं,” म्हणत दिग्विजयने त्यांच्या जुन्या मोबाइलमधलं सिमकार्ड काढलं आणि नव्यात घातलं.

तो जुना मोबाइल म्हणजे बटणांचा ठोकळा. कोणीही नाक मुरडावं असाच. पण त्याचं दोन नंबरचं बटण दाबून धरलं की थेट रावसाहेबांना फोन लागायचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून यजमान कान गमावून बसले होते. रिंग त्यांना ऐकू यायची नाही, सदऱ्याच्या खिशातली थरथर मात्र छातीला कळायची. फोन उचलायचा नाही, फक्त मोजायचं. मिस कॉलची ही भाषा दोघांनी मिळून बसवली होती. एक रिंग म्हणजे पाणी. दोन म्हणजे बाथरूम. आणि तीन म्हणजे पाहुणे फार वेळ बसलेत, त्यांना वाटेला लावा. ही तिसरी खूण धायरीतल्या निम्म्या सोसायटीवर वापरून झाली होती.

नेमकी आत्ता दोन रिंगांची वेळ आली. रावसाहेब बाल्कनीत कुंड्यांपाशी पाठमोरे बसले होते. कौशल्याबाईंनी जुन्याचं बटण दाबलं. सिमकार्डच नाही, लागणार कुठून? नव्याच्या काचेवर बोट ठेवलं, तर तो पुन्हा चेहरा मागायला लागला.

“काय हवंय, आई? मला सांग ना.”

हे आता पोराला सांगायचं? तेही ‘नको’ म्हणून? कौशल्याबाईंना असा काही संताप आला की त्यांनी चालत्या हाताने तो मोबाइल पलंगावरून खाली ढकलून दिला. फुटला नाही मेला. काच मजबूत आहे, हेही खोक्यावर लिहिलेलंच होतं. मग त्यांनी जुन्या मोबाइलकडे बोट दाखवलं, आणि ते खाली घेतलंच नाही.

दिग्विजयने सिमकार्ड परत घातलं. दोन रिंगा गेल्या. रावसाहेब मातीचे हात सदऱ्याला पुसत आत आले आणि काही न विचारता बायकोला खांद्याचा आधार देऊन घेऊन गेले.

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?” ते परतल्यावर दिग्विजयने मोठ्याने विचारलं.

रावसाहेबांनी खिशावर हात ठेवला. “एक रिंग पाणी, दोन बाथरूम.”

दिग्विजयचे डोळे भरून आले. कौशल्याबाईंनाही क्षणभर गलबलून आलं. वाटलं, समजलं पोराला.

“बाबा, याचं काय मस्त अ‍ॅप होईल!” तो म्हणाला आणि खाली पडलेला मोबाइल उचलून पुन्हा आईसमोर आला. “फक्त एकदा चेहरा स्कॅन व्हायला हवा. आई, शेवटचं. जरा सरळ बघ.”

कौशल्याबाईंनी सरळ बघितलं, मोबाइलच्या वरून थेट लेकाच्या डोळ्यांत. आणि दोन नंबरचं बटण दाबून धरलं.

रावसाहेबांचा खिसा थरथरला. एकदा. दोनदा. तीनदा.

“ही तिसरी कशाची?” दिग्विजयने ओरडून विचारलं.

रावसाहेबांनी त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली. “हिंजवडीला जायचंय ना तुला? नीघ आता. नंतर फार ट्रॅफिक लागतो.”