बोटभर जाडीचा वाडगा

बाभळीचा तो वाडगा मी लेथवर चांगला बोटभर जाड ठेवला होता. भोपाळच्या प्रदर्शनात जायचा होता. पण रोज सकाळी तो आतून ओला सापडायचा. चिकट, कोमट आणि उष्ट्या ताटासारखा वास.

"शीतल, हा कुणी चाटला?"

"शी! मी लाकूड चाटेन का?" बायको भडकली. "मांजर असेल, और क्या!"

वाडगा कपाटात घालून मी कुलूप लावलं. सकाळी उघडलं, तर तळाशी लाळ साचलेली. पुसताना फडक्याला तिची तार लागली. कुणाचं उष्टं काढत होतो मी?

दुपारी प्रदर्शनाचे प्रभाकरजी वाडगा न्यायला बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आले.

"क्या बात है, ऋषिकेशभाऊ! इतका पातळ? कागदच की हो!"

मी तो पातळ केलाच नव्हता.

त्यांनी कड चिमटीत पकडून वाडगा खिडकीच्या उन्हात धरला. तो रिकामा होता. लाकडातून तांबूस उजेड झिरपला आणि आतून एका रुंद जिभेची सावली सावकाश फिरताना दिसली.

प्रभाकरजी माझ्याकडे बघून हसत होते. त्यांचा अंगठा वाडग्याच्या आत होता. जीभ तिथपर्यंत आली आणि थांबली.